परदेशी भाषेच्या जोडीला दुसरा विषय कोणता घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घरी कोणी ना कोणी येतंच. मागे शेजारच्या वाड्यातली मुलगी आईला घेऊन आली होती. मोबाइलवर प्रवेशाचा अर्ज अर्धा भरलेला. जर्मन घ्यायचं हे तिचं पक्कं होतं. "काकू, जोडीला काय टाकू? मैत्रिणी म्हणतात इंग्लिश टाक, सोपं पडतं." तिची आई मध्येच म्हणाली, "अहो, नुसती भाषा शिकून पुढे करायचं काय, तेवढं सांगा हिला."

मीही एके काळी असाच अर्ज भरला होता. जर्मन मुख्य आणि जोडीला इंग्रजी, कारण सगळेच घेत होते. पदवी चांगल्या गुणांनी मिळाली आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात भाषांतराचं काम लागलं. पंपाची माहितीपुस्तिका होती. दुसऱ्याच पानावर शब्द आला, 'डिख्टुंग'. तीन वर्षं मी हा शब्द 'काव्य' या अर्थाने वाचला होता. त्याच्या खाली 'मुटर' म्हणजे आई आणि 'वेले' म्हणजे लाट. यंत्राच्या भाषेत हेच तीन शब्द म्हणजे सील, नट आणि शाफ्ट, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. शब्दकोश बघून अर्थ लिहिले, पण गळती रोखणारं हे 'सील' म्हणजे नेमकं कोणतं? मी चपट्या गॅस्केटच्या जागी ऑइल सील लिहिलं, तशीच मागणी गेली आणि भलताच माल येऊन पडला. शेवटी तिथल्या वयस्कर फिटरकाकांनी मला पंप खोलून दाखवला. गॅस्केट, ओ-रिंग, ग्लँड पॅकिंग एकेक करून माझ्या तळहातावर ठेवलं. "बेन, आता लिहा," म्हणाले. माझे हात तेलाने माखले होते आणि त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की मला जर्मन येत होतं, पण जर्मन माणूस ज्याबद्दल बोलत होता ते येत नव्हतं.

दुसरा विषय कशासाठी घ्यायचा, याचं माझं उत्तर हे आहे. ज्या विषयातला मजकूर तुम्ही त्या भाषेत रोज आठ तास वाचू, बोलू किंवा तपासू शकाल, तो विषय निवडा. "भाषेला शोभेल" किंवा "गुण मिळतील" अशा विचाराने निवडू नका. हे ठरवायचं कसं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: मेजर, मायनर आणि डबल मेजर यांतला फरक समजून घ्या

अर्जातल्या या शब्दांनी मुलं गोंधळतात, म्हणून आधी हिशेब मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. त्यांतली मुख्य विषयाला म्हणजे मेजरला अनुक्रमे किमान ६० आणि ८०, तर जोडीच्या विषयाला म्हणजे मायनरला २४ आणि ३२. डबल मेजर, म्हणजे दोन्ही विषय मुख्य हवे असतील, तर दुसऱ्या विषयात किमान ४० टक्के क्रेडिट मिळवावी लागतात, म्हणजे ४८ किंवा ६४. वर्गातल्या व्याख्यानांचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. म्हणजे तीन वर्षांत मायनरला साधारण ३६० तास लागतील आणि डबल मेजरमधल्या दुसऱ्या विषयाला ७२०. हे झाले फक्त वर्गातले तास. घरचा अभ्यास वेगळा.

हा राष्ट्रीय आराखडा आहे. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या सोयीने तो बसवतं. त्यामुळे विभागाच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा की माझ्या भाषेसोबत हा विषय वेळापत्रकात बसतो का, तासिका एकमेकींवर येतात का, डबल मेजरची सोय आहे की फक्त मायनरची, आणि दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मेजर बदलता येतो का. आराखड्यात तशी तरतूद आहे, पण जागा असेल तरच ती कामाची. उत्तर देणाऱ्याला शक्यतो नियमाचा कागद दाखवायला सांगा. तोंडी मिळालेल्या 'हो'वर वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जर्मन, फ्रेंच, रशियन, फारसी हे सगळं कला शाखेत, त्या घुमटाच्या इमारतीच्या आवारात. वाणिज्य, ललित कला, समाजकार्य या शाखा वेगळ्या आणि त्यांची आवारंही वेगळी. शाखेबाहेरचा विषय कागदावर चालत असला, तरी दहाचा तास इकडे आणि अकराचा तिकडे असेल तर जमेल का, हे आधी पायी चालून बघा.

विषय बसतच नसेल तर आणखी एक वाट आहे. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात करायचे असतील तर तासांच्या वेळा वेगळ्या हव्यात, नाहीतर एक वर्गात आणि दुसरा मुक्त किंवा ऑनलाइन. भाषा विद्यापीठात आणि वाणिज्य इग्नू या मुक्त विद्यापीठातून, अशी जोडी त्यामुळे जमते.

दुसरी पायरी: भाषेला किती वेळ लागणार, ते आधी मोजा

युरोपीय भाषांच्या पातळ्या सुरुवातीच्या ए१ पासून सर्वांत वरच्या सी२ पर्यंत अशा सहा. जपानीच्या परीक्षा एन५ पासून एन१ पर्यंत. ए२ वर कोणी काम देत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. कामाला खरा उपयोग बी२ पासून पुढे. जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट बी२ गाठायला ४५ मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका धरते. पदवीच्या वर्गात तेवढ्या मिळतातच असं नाही आणि वर्गात तीस मुलं असतील, तर बोलायची संधी आणखी कमी.

म्हणून पहिल्या वर्षी दुसऱ्या विषयाचं ओझं मर्यादित ठेवा. भाषेचा पाया पहिल्या दोन-तीन सत्रांत पडतो आणि तेव्हा राहिलेला कच्चेपणा पुढे भरून काढायला दुप्पट वेळ जातो. अर्थशास्त्र किंवा इतिहास दुसऱ्या वर्षी जोर लावून सावरता येतो. क्रियापदाची रूपं तशी सावरत नाहीत. दुसरी परदेशी भाषा हाच दुसरा विषय घ्यावा का, असंही विचारतात. निदान पहिल्या वर्षी नको. पहिली भाषा बी१ ला पोचल्यावर दुसरी घेतली, तर ती पटकन येते. दोन्ही एकदम सुरू केल्या तर दोन्ही अर्धवट राहतात.

तिसरी पायरी: एका पानाची परीक्षा

माझा सगळा भर या पायरीवर आहे. जे दोन-तीन विषय मनात असतील, त्यांतल्या प्रत्येकाचं त्या भाषेतलं एक अस्सल पान मिळवा. पाठ्यपुस्तकातला धडा चालणार नाही, खऱ्या कामाचा कागद हवा. यंत्राची माहितीपुस्तिका, कंपनीचा वार्षिक अहवाल, न्यायालयाचा निकाल, वस्तुसंग्रहालयाच्या सूचीतलं एखादं टिपण, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी. इंटरनेटवर हे सगळं फुकट मिळतं.

भाषा अजून आली नसेल, तर त्याच विषयाचं तसंच पान इंग्रजीत किंवा मराठीत घ्या. एका बैठकीत, मोबाइल बाजूला ठेवून, पेन्सिल घेऊन वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा. वाचून झाल्यावर तीन गोष्टी लिहा. शब्द अडला होता की कल्पनाच कळली नव्हती? पुढचं पान उलटावंसं वाटलं का? आणि ज्याला यातलं काही ठाऊक नाही, अशा आजीला हे पान मराठीत सांगता येईल का?

शब्द अडणं ही काळजीची गोष्ट नाही, शब्दकोश त्यासाठीच असतो. कल्पना अडली आणि तरी पुढे वाचावंसं वाटलं, तर तो विषय तुमचा. कल्पना अडली आणि कंटाळाही आला, तर बाजारात त्याला कितीही मागणी असो, तो सोडा. आजीची परीक्षा मी मुद्दाम घालते. मला गॅस्केट समजलं तेव्हा मी घरी आईला कुकरच्या रिंगचं उदाहरण देऊन ते सांगू शकले होते.

यंत्राने होणाऱ्या भाषांतरामुळे तर ही परीक्षा आणखी महत्त्वाची झाली आहे. साधा मजकूर आता संगणक क्षणात फिरवून देतो आणि वाक्यही सुबक असतं. माणसाकडे येतं ते तपासण्याचं काम. 'डिख्टुंग'चं 'कविता' झालं तर कोणीही पकडेल. पण ऑइल सीलच्या जागी गॅस्केट आलं, तर वाक्य पूर्ण शुद्धच दिसतं. ती चूक पकडायला विषय यावा लागतो.

चौथी पायरी: जोड्या आणि त्यांतलं काम

सगळे विषय सांगत नाही. ज्यांत काम करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, तेवढेच.

अर्थशास्त्र किंवा वाणिज्य. पुणे, बेंगळुरूसारख्या शहरांत युरोपीय कंपन्यांची हिशेब सांभाळणारी केंद्रं आहेत आणि भाषा येणाऱ्यांना तिथे विचारतात. पण काम भाषेचं नसतं, हिशेबाचं असतं. फ्रेंचमध्ये 'एक्झेर्सिस' म्हणजे व्यायाम किंवा सराव, हे आपण पहिल्या महिन्यात शिकतो. ताळेबंदात त्याच शब्दाचा अर्थ 'आर्थिक वर्ष'. जर्मनमध्ये 'मिलियार्डे' म्हणजे शंभर कोटी आणि 'बिलियोन' म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनच्या सवयीने वाचलं तर आकडा हजार पटीने चुकतो. जपानी तर दहा हजारांच्या गटांनी मोजतात. 'मान' म्हणजे दहा हजार, 'ओकू' म्हणजे दहा कोटी. आकड्यांची भीती नसेल, तर ही जोडी रोजीरोटीच्या दृष्टीने सगळ्यांत लवकर फळते असं माझं मत आहे.

इतिहास, पुरातत्त्व, कलेचा इतिहास. पैसा उशिरा येतो, हे आधीच सांगते. पण बडोद्याच्या मराठी मुलांनी या जोडीकडे पाठ फिरवावी याचं मला फार वाईट वाटतं. मराठ्यांचा इतिहास फारसी, पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि इंग्रजी कागदांत विखुरला आहे. गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांबद्दलची केवढी तरी माहिती उजेडात आणली. त्यांना भाषाही येत होती आणि इतिहासही, म्हणूनच ते झालं. आमच्या बाजारात फिरताना दारावरच्या पाट्या बघा. फडणीस, चिटणीस. त्यातलं 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. फारसी आणि इतिहास ही जोडी घेणारं मूल याच गल्ल्यांतून निघायला हवं. जर्मनचंही तसंच. हेर्मान गोएट्झ नावाचे जर्मन कलेतिहासकार १९४० च्या दशकात सयाजीबागेतल्या आपल्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक होते. विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेली, आवृत्ती तयार झाली. संस्कृत आणि जर्मन दोन्ही येणाऱ्याला भारतविद्येच्या अभ्यासात आजही जागा आहे. या वाटेने जायचं तर चार वर्षांचा ऑनर्स धरा. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त मिळाले, तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो आणि प्रबंधात भाषा आणि विषय एकत्र येतात.

राज्यशास्त्र. परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा शिकावीच लागते. पण ती निवड झाल्यावर शिकवली जाते. त्यामुळे केवळ त्या स्वप्नासाठी भाषा घेत असाल तर पुन्हा विचार करा. वृत्तसंस्था, वकिलाती, संशोधन संस्था यांचा विचार असेल तर ही जोडी चांगली.

भाषाशास्त्र. शिकवायचं असेल किंवा संगणकाला भाषा शिकवण्याच्या कामात जायचं असेल, तर हा विषय उत्तम.

कायदा. पदवीनंतर तीन वर्षांची एलएल. बी. करणार असाल, तर आत्ता राज्यशास्त्र मायनर पुरे. एवढं मात्र जाणून असा की फ्रेंच 'ज्युरिसप्रुदाँस' म्हणजे न्यायालयांचे पूर्वीचे निकाल आणि इंग्रजी 'ज्युरिसप्रुडन्स' म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान. असे जुळे शब्द कायद्यात जागोजागी भेटतात.

आता कारखाने. बडोद्याभोवती परदेशी नावं भरपूर आहेत. जवळच्या सावली गावी फ्रेंच कंपनी आल्स्टॉम मेट्रोचे डबे बनवते, शहरात मूळच्या जर्मन लिंडे इंजिनीअरिंगचं कार्यालय आहे आणि टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं २८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं. भारताने मागवलेल्या ५६ पैकी ४० विमानं इथे बनायची आहेत. लगेच स्पॅनिशच्या वर्गाला नाव घालायला लोक धावतात. सावकाश घ्या. अशा ठिकाणचा रोजचा व्यवहार इंग्रजीत चालतो. भाषेची गरज पडते ती कागदपत्रं, खरेदी, गुणवत्ता तपासणी आणि तिकडून आलेल्या तंत्रज्ञांशी बोलणं यांत, आणि तिथे आधी अभियंता किंवा डिप्लोमावाला हवा असतो. म्हणून बारावी विज्ञान असाल आणि यंत्रांची आवड असेल, तर उलटं करा. अभियांत्रिकी मुख्य ठेवा आणि भाषा संध्याकाळच्या वर्गात बी२ पर्यंत न्या.

पाचवी पायरी: मराठीचा विचार करा

हे कोणी सुचवत नाही, म्हणून वेगळं लिहिते. चांगला भाषांतरकार शक्यतो परभाषेतून स्वतःच्या भाषेत आणतो. आपली मुलं घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी बोलतात. बोलणं तिन्हीत छान, पण सलग दोन पानं कोणत्याच भाषेत धड लिहिता येत नाहीत. परदेशी भाषेसोबत मराठी किंवा गुजराती मायनर घेतलेलं मूल तीन वर्षांत लिहायला शिकतं. गोंधळ न होता, नेमकं, वाचणाऱ्याला कळेल असं. साहित्याचं भाषांतर, दुभाषाचं काम, उपशीर्षकं, सगळ्याला हे लागतं. विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. तिथे मुलं कमी असतात आणि शिक्षक भरपूर वेळ देतात.

सहावी पायरी: तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा, वर्गात बसून बघा

पहिल्या वर्षाचे पेपर सगळ्याच विषयांत ओळखीपुरते असतात. विषयाचा खरा चेहरा पाचव्या-सहाव्या सत्रात दिसतो. अर्थशास्त्रात तिथे संख्याशास्त्र येतं, भाषाशास्त्रात वाक्यरचनेच्या आकृत्या, पुरातत्त्वात उत्खननाची शिबिरं. ते पेपर बघून पोटात गोळा येतो की उत्सुकता वाटते, ते तपासा.

शिक्षकांची परवानगी घेऊन एक-दोन तासांना मागच्या बाकावर बसा. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला कँटीनमध्ये गाठून विचारा की कोणता पेपर सगळ्यांत जड गेला. स्वयम या सरकारी संकेतस्थळावरचा त्या विषयाचा अभ्यासक्रम दोन आठवडे करून बघा. आणि त्या कामात असलेल्या एका तरी माणसाला भेटा. "स्कोप आहे का?" असं विचारू नका. "काल दिवसभर तुम्ही काय केलंत?" असं विचारा.

सातवी पायरी: घरी बोलायचं कसं

आईवडिलांची काळजी खरी असते, ती उडवून लावू नका. तीन कागद समोर ठेवा. एकावर क्रेडिट आणि खर्चाचा हिशेब. दुसऱ्यावर कोणत्या वर्षी कोणती परीक्षा देणार ते, म्हणजे दुसऱ्या वर्षाअखेर बी१ आणि पदवीबरोबर बी२. तिसऱ्यावर भेटलेल्या माणसाच्या कालच्या दिवसाचं वर्णन. वडील हा तिसरा कागद सगळ्यांत लक्ष देऊन वाचतात, असा माझा अनुभव आहे. आणि एखादी वाट चुकली तर काय, हेही सांगा. मिळवलेली क्रेडिट सरकारच्या 'क्रेडिट बँके'त, म्हणजे ती जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, सात वर्षं टिकतात, एक किंवा दोन वर्षांनी थांबलं तरी प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळण्याची तरतूद आहे.

एक वही पहिल्या दिवसापासून करा. पानाला तीन रकाने पाडा. पहिल्यात परदेशी शब्द, दुसऱ्यात रोजचा अर्थ, तिसऱ्यात तुमच्या दुसऱ्या विषयातला अर्थ. माझ्या वहीचं पहिलं पान 'डिख्टुंग'ने सुरू होतं आणि त्यावर तेलाचं बोट उमटलेलं आहे.

ती मुलगी पुढच्या शनिवारी तीन पानं घेऊन परत आली. संग्रहालयाच्या सूचीचं पान तिने अर्ध्यात सोडलं होतं. कादंबरीच्या पानाखाली "छान आहे" एवढंच. तिसरा कागद कुठल्याशा जर्मन कंपनीच्या बिलाचा नमुना होता, कडेने पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. एका आकड्याभोवती तिने गोल केला होता, १२.५००,०० युरो.

"काकू, हे साडेबारा की साडेबारा हजार?"

"तुला काय वाटतं?"

"खाली बेरीज करून बघितली. साडेबारा हजारच. टिंब आणि स्वल्पविराम त्यांनी आपल्या उलट वापरलेत." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, आपल्या दुकानाचं मागच्या वर्षीचं बिलबुक दे ना, दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय."

तिच्या आईने पर्समधून चष्मा काढला आणि दोघी त्या कागदावर वाकल्या. अर्जात त्यांनी त्याच दिवशी जर्मनखाली अर्थशास्त्र भरलं.